सांध्यांचें वय

आमच्या कोंकणांत दुखण्यास नांव देण्याची एक फार सोपी रीत आहे. मनुष्य चाळिशीच्या पुढें गेला आणि पायरी चढतांना त्याचा हात भिंतीकडे वळला, कीं पाहणारा म्हणतो, "वय झालें!" म्हणणाऱ्यास आपण दया दाखविली असें वाटतें, ऐकणाराही मान डोलावतो, आणि दोघांचेंही समाधान होतें. रत्नागिरीसारख्या गांवांत, जेथें रस्ता म्हटला म्हणजे एक तर चढ नाहीं तर उतार, घरास जांभ्याच्या पायऱ्या, परसांत विहीर, आणि वर्षाचे चार महिने अंगाशीं दमट वारा, तेथें तर गुडघ्याचें दुखणें हें कोणास दुखणेंच वाटत नाहीं. आंब्यास मोहोर यावा तसा म्हाताऱ्या माणसास संधिवात यावयाचाच, अशी सर्वांची समजूत. या "वय झालें" शब्दांविषयीं आज आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. कारण आमच्या घरांतील एका माणसाच्या हातांनीं त्यांची किंमत मोजलेली आहे.

आमच्या घरीं सांध्यांचे दोन रोगी आहेत. पहिल्या आमच्या मातोश्री. त्यांस ७९ वें वर्ष चालू आहे. दोन्ही गुडघे गेलीं पंधरा वर्षें दुखतात; सकाळीं उठल्यावर चार-पांच मिनिटें जड वाटतें, मग चालणें सुरळीत होतें; जिना चढला, बाजार झाला, कीं संध्याकाळीं वेदना वाढतात आणि विसावा घेतला म्हणजे उतरतात. बसतां-उठतांना गुडघ्यांतून करकर असा आवाज येतो. दुसरी आमची वडील बहीण अक्का. ती आज ५१ वर्षांची आहे. पण तिचें दुखणें ४१ व्या वर्षीं सुरू झालें, आणि त्याची चाल अगदीं निराळी होती. दोन्ही हातांचीं मनगटें आणि बोटांच्या मुळांचे सांधे एकाच वेळीं सुजले. सकाळीं उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे. अंगांत कसर, तोंडास चव नाहीं, काम न करतांही शीण. हातांतल्या बांगड्या उतरेनात, आणि त्या वर्षींच्या गणेश-चतुर्थीस उकडीच्या मोदकाच्या कळ्या तिच्या बोटांस साधेनात. ज्या घरांत तिच्या मोदकांचें कौतुक होत असे, त्याच घरांत तिनें त्या दिवशीं सारणाचें ताट मुकाट्यानें जावेकडे सरकविलें.

अक्काचें सासर दुसऱ्या तालुक्यांत. तेथील थोरामोठ्यांनीं तेंच ठरलेलें वाक्य उच्चारलें. ज्या डॉक्टरांस प्रथम दाखविलें, त्यांचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं. त्यांनींही तें वाक्य आपल्या भाषेंत म्हटलें, आणि वेदना थांबविणाऱ्या गोळ्या दिल्या. अशा रीतीनें चौदा महिने गेले. पुण्यास या रोगाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे ती पोहोंचली, तेव्हां उजव्या हाताचीं दोन बोटें करंगळीच्या बाजूस कललीं होतीं. औषधानें रोग पुढें आवरला. तीं दोन बोटें मात्र कललीं तीं कललींच.

यंदा आणखी एक प्रसंग आला. दुखणें बरेंच शमल्यामुळें अक्काच्या मनांत औषध बंद करावें असें येऊं लागलें. त्याच सुमारास मुंबईहून एका भाच्यानें प्रेमानें गोळ्यांची एक शिशी पाठविली. तिच्यावर लिहिलें होतें कीं, या गोळ्या शरीरांतील पेशी पुन्हा तरुण करतात. सोबतच्या पत्रांत, "मावशी, संधिवात म्हणजे पेशींचें म्हातारपण, असें आतां सिद्ध झालें आहे," असें वाक्य होतें. अक्कानें तें पत्र आमच्या हातीं दिलें आणि विचारलें, "अरे, तूं एवढें वाचतोस, तर मला एक सांग. माझें शरीर खरेंच माझ्या आधीं म्हातारें झालें का?"

प्रश्न साधा होता. पण त्याच्या उत्तरावर तिचे उरलेले सांधे अवलंबून होते. वेळ काढून, मिळालें तें वाचून आणि जाणत्यांस विचारून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम 'वय' म्हणजे काय, तेंच पाहूं. आमच्याच जिल्ह्यांतील एक हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. महर्षि धोंडो केशव कर्वे १८५८ सालीं खेड तालुक्यांतील शेरवली येथें जन्मले आणि दापोलीकडील मुरूड गांवीं वाढले. कुमारवयांत एका परीक्षेकरितां ते मुरूडहून साताऱ्यास, सुमारें ११० मैलांची वाट, घाट चढून पायीं गेले. आणि तेथें पोहोंचल्यावर, हा मुलगा दिसण्यांत फारच लहान आहे, एवढ्या कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तेच कर्वे १९५८ सालीं, शंभरी गांठली त्या वर्षीं, भारतरत्न झाले, आणि १९६२ सालीं वयाचीं १०४ वर्षें पुरीं करून निवर्तले. पंचांगांतलें वय आणि अंगांतलें वय हीं दोन निरनिराळीं असूं शकतात, हें साताऱ्याच्या त्या परीक्षकांस नकळत समजलें होतें म्हणावयाचें! कोणाचें अंग पंचांगाच्या मागें रेंगाळतें, कोणाचें पुढें धांवतें. आणि एकाच देहांतील सर्व भाग एकाच गतीनें चालतात असेंही नाहीं.

आमच्या जुन्या वैद्यांसही हा भेद दिसला होता. माधवकरानें सुमारें बाराशें वर्षांपूर्वीं आपल्या निदानग्रंथांत 'आमवात' या रोगास स्वतंत्र प्रकरण दिलें. सांध्यांची सूज, जडपणा, ज्वर, अरुचि हीं लक्षणें त्यानें सांगितलीं, आणि वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिली. या रोगाचें कारण त्यानें अग्निमांद्य व न पचलेला आम यांत पाहिलें. जरेस, म्हणजे म्हातारपणास, त्यानें त्याचा दोष दिला नाहीं. आजच्या शास्त्राची कारणमीमांसा वेगळी आहे. तथापि केवळ वय झाल्यानें हा रोग होत नाहीं, एवढी गोष्ट त्या वैद्यानें ओळखली होती. पुढें १८५९ सालीं इंग्लंडांत आल्फ्रेड गॅरॉड यांनीं या रोगास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असें नांव दिलें, तेंही त्यास इतर संधिरोगांपासून, विशेषतः वातरक्तापासून, निराळा काढण्याकरितांच.

आतां पेशींकडे वळूं. मनुष्याचें शरीर लक्षावधि कोटि पेशींचें बनलेलें आहे. पेशी वाढते, तिचे दोन भाग होतात, त्यांचे चार होतात, आणि जुन्याची जागा नवें घेतें. एके काळीं अशी समजूत होती कीं, पेशींस स्वतःचें म्हातारपण नसतेंच. म्हातारें होतें तें शरीर. फ्रान्समध्यें जन्मलेले व न्यूयॉर्क येथें काम करणारे अलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भांतील हृदयाच्या पेशी कांचपात्रांत वाढविण्यास आरंभ केला. ती परंपरा १९४६ पर्यंत चालू ठेवण्यांत आली. कोंबडी स्वतः कांहीं वर्षेंच जगते, आणि तिच्या पेशी चौतीस वर्षें वाढत राहतात, हें पाहून जगानें तोंडांत बोट घातलें. परंतु दुसऱ्या कोणाही शास्त्रज्ञास तो प्रयोग पुन्हा करून दाखवितां आला नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनीं दाखविलें कीं, मनुष्याच्या सामान्य पेशी सुमारें पन्नास वेळां दुभंगतात आणि मग थांबतात. त्या मरत नाहींत. फक्त पुढें वाढत नाहींत.

त्यांची मोजदाद कोण ठेवतो? प्रत्येक पेशींत गुणसूत्रें असतात, आणि त्यांच्या टोकांस टेलोमिअर नांवाचा एक भाग असतो. सुंभ तोडला तर त्याच्या टोकास आपण गांठ मारतों. नाहीं तर तो उसवत जातो. टेलोमिअर ही गुणसूत्राच्या टोकाची गांठ होय. पेशी प्रत्येक वेळीं दुभंगतांना ही गांठ थोडथोडी कमी होत जाते. ती फारच लहान झाली, कीं पेशीस धोक्याची सूचना मिळते आणि ती थांबते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांस या विषयांतील शोधांबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें असेंही दिसून आलें कीं, केवळ टोक आंखूड झाल्यानेंच पेशी थांबते असें नाहीं. तिच्या आंतील आनुवंशिक द्रव्यास इजा झाली, दीर्घकाळ दाहांत राहावें लागलें, तरी ती त्याच अवस्थेंत जाते.

अशी थांबलेली पेशी स्वस्थ बसली असती, तर तिच्यापासून फारसा उपद्रव झाला नसता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, तशी हिची गत आहे. एखादा गृहस्थ कामावरून निवृत्त झाला, पण कचेरींतील खुर्ची सोडीना, आणि दिवसभर आल्यागेल्यावर ओरडत बसला, तर त्या कचेरीची जी अवस्था होईल, ती या जरठ पेशींमुळें भोंवतालच्या भागाची होते. दाह उत्पन्न करणारीं व आसपासचें जाळें विरघळविणारीं द्रव्यें त्या सतत बाहेर टाकतात. त्यांच्या संगतीनें शेजारच्या चांगल्या पेशीही जरठ होतात. ज्युडिथ कॅम्पिसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं या द्रव्यस्रावाचें सविस्तर वर्णन केलें. मात्र निसर्गानें ही व्यवस्था निष्कारण केलेली नाहीं. बिघडलेली पेशी थांबली नाहीं, तर तिचा कर्करोग होण्याचा संभव असतो. जखम भरून येण्यासही अशा पेशी कांहीं काळ उपयोगी पडतात. तरुण शरीरांत काम झाल्यावर रोगप्रतिकारक पेशी त्यांस झाडून नेतात. उतारवयांत झाडणाऱ्यांचे हात थकतात आणि अडगळ सांचत जाते.

आतां मातोश्रींचा गुडघा घेऊं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आच्छादन असतें. तिच्यांत रक्तवाहिन्या नाहींत, आणि तिच्या थोड्याशा पेशी मोठेपणीं क्वचितच दुभंगतात. म्हणजे येथें पन्नास वेळांच्या हिशेबाचा प्रश्न फारसा नाहीं. वर्षानुवर्षांचा भार, जुनी दुखापत, वाढलेलें वजन, अशा कारणांनीं या पेशींस इजा होते आणि त्यांतील कांहीं जरठ होतात. मग कूर्चा राखणाऱ्या पेशीच कूर्चा पोखरूं लागतात. २०१७ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं उंदरांच्या गुडघ्यांतील एक बंध तोडून त्यांस संधिवात उत्पन्न केला, आणि नंतर त्या सांध्यांतील जरठ पेशी काढून टाकल्या. तेव्हां कूर्चेची हानि कमी झाली आणि वेदनाही उतरल्या. दुसऱ्या एका प्रयोगांत निरोगी उंदराच्या गुडघ्यांत जरठ पेशी घातल्या, तर तेथें संधिवातासारखीच स्थिति दिसूं लागली. यावरून, गुडघा म्हणजे गंजून झिजलेलें बिजागर, ही कल्पना अपुरी ठरते. बिजागरास पोषण लागत नाहीं; सांध्यास लागतें. म्हणूनच गुडघा दुखतो म्हणून कायमचें बसून राहणें अहितकारक आहे. मांडीचे स्नायु बळकट झाले, कीं सांध्याचा भार ते वाटून घेतात; आणि वजन एक किलो उतरलें, तर चालतांना दर पावलास गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो असें मोजमापानें सिद्ध झालें आहे.

अक्काचा रोग मात्र कूर्चेंत सुरू होत नाहीं. तो सुरू होतो शरीराच्या पहारेकऱ्यांत. रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं टी-पेशी नांवाचा एक वर्ग आहे. या पेशी छातींतील यौवनलोपी ग्रंथींत तयार होतात. नांवाप्रमाणेंच ही ग्रंथि यौवनाबरोबर आक्रसत जाते. पुढें नवी भरती थोडी, आणि आहेत त्याच पेशी दुभंगून संख्या राखावयाची, असा व्यवहार चालतो. साहजिकच त्यांची टोंकें झिजत जातात. हें सर्वांचें होतें. पण आमवाताच्या रोग्यांत तें फार लवकर होतें. अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्यें कॉर्नेलिया वायंड आणि यॉर्ग गोरोंझी यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलें कीं, या रोग्यांच्या टी-पेशी वीस किंवा त्याहून अधिक वर्षांनीं मोठ्या असलेल्या निरोगी माणसांच्या पेशींसारख्या दिसतात.

या अकालीं म्हाताऱ्या झालेल्या पहारेकऱ्यांचें वागणेंही बिघडतें. टी-पेशीस उगाच हल्ला करतां येऊं नये म्हणून निसर्गानें तिला दोन कुलपांची पेटी दिली आहे. शत्रूची ओळख ही एक किल्ली, आणि हल्ल्याची अनुमति ही दुसरी. दोन्ही लागल्याखेरीज शस्त्र बाहेर येत नाहीं. जरठ टी-पेशींतील पुष्कळांचें दुसरें कुलूपच गळून पडतें. मग थोड्याशा निमित्तानें त्या दाहक द्रव्यें सोडतात, आणि वेळेवर मरतही नाहींत. सांध्याच्या आंतील नाजूक अस्तर सुजतें, जाड होतें आणि कूर्चेवर व हाडावर चढाई करतें. अक्काचीं बोटें कललीं तीं या चढाईमुळें. हा दाह सांध्यांपुरता राहत नाहीं. हाडें विरळ होतात, आणि हृदयविकाराचा संभवही वाढतो.

येथें बीज आधीं कीं वृक्ष आधीं, असा प्रश्न येतो. पेशी म्हाताऱ्या झाल्या म्हणून रोग झाला, कीं रोगानें त्यांस म्हातारें केलें? दोन्ही बाजूंस पुरावा आहे. सतत दाह असला, कीं टी-पेशींस पुनःपुन्हा दुभंगावें लागतें आणि त्या झिजतात. उलट, या रोगाकडे कल असलेला एक आनुवंशिक गुण ज्यांच्या अंगीं आहे, पण ज्यांस रोग झालेला नाहीं, अशा निरोगी माणसांतही हीं टोंकें वयाच्या मानानें आंखूड आढळलीं, असें २००३ सालीं दिसून आलें. म्हणजे कांहीं अंशीं हें अकालवार्धक्य रोगाच्या आधींचें असावें. आणि हा रोग म्हातारपणाचा नव्हे, याची साक्ष तर लहान मुलेंच देतात. पांच-सात वर्षांच्या मुलांसही संधिवात होतो.

एवढें समजून घेतल्यावर आम्हीं अक्कास उत्तर दिलें: "तुझें शरीर म्हातारें झालेलें नाहीं. तुझ्या शरीराच्या पहारेकऱ्यांपैकीं कांहीं आपल्या वेळेच्या आधीं म्हातारे झाले आहेत, आणि हातांत शस्त्र घेऊन आपल्याच घरांत उभे आहेत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते बदलतां यावयाचे नाहींत, पण त्यांचें शस्त्र काढून घेतां येईल. मी घेतें तें औषध तेंच करतें ना?"

आम्ही दिवसभर शोधीत होतों तो मुद्दा तिनें एका वाक्यांत गांठला. आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें मेथोट्रेक्झेट हें औषध १९८० नंतरच्या दशकापासून या रोगावर सर्रास दिलें जाऊं लागलें. तें पेशींस तरुण करीत नाहीं; दाह आवरतें, आणि सांध्यांवरची चढाई थोपवितें. तें चुकून रोज घेतलें तर जिवावर बेतूं शकतें, आणि यकृत व रक्त यांची वरचेवर तपासणी करावी लागते. अशा औषधाचा कंटाळा येणें स्वाभाविक आहे. परंतु बरें वाटूं लागलें म्हणून आपल्याच मनानें तें सोडलें, तर शस्त्रें पुन्हा पहारेकऱ्यांच्या हातीं जाण्याचा संभव फार.

मातोश्री पलीकडे वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, मग माझ्या गुडघ्यांतली अडगळ काढायला कोणी झाडूवाला मिळतो का, तेंही विचारून ठेव!" आम्ही हंसलों, पण त्यांचा प्रश्न अगदीं शास्त्रीय होता, कारण तोच झाडूवाला शास्त्रज्ञ शोधीत आहेत. मेयो क्लिनिकमध्येंच २०११ सालीं उंदरांच्या शरीरांतून जरठ पेशी वेंचून काढल्या, तेव्हां त्यांच्या कांहीं जरालक्षणांस विलंब लागला. २०१५ पासून अशा पेशी मारणारीं द्रव्येंही पुढें येऊं लागलीं. त्यांतील एक रक्ताच्या कर्करोगावरील औषध आहे, तर दुसरें कांद्यासारख्या पदार्थांत अल्पांशानें असतें. बाल्टिमोरच्या उंदरांवर ज्यानें गुण दिला, तेंच औषध पुढें गुडघ्याच्या संधिवाताच्या १८३ रोग्यांवर तपासलें. २०२० च्या ऑगस्टमध्यें निकाल जाहीर झाला: बारा आठवड्यांनीं पाहतां, औषध टोचलेल्या व नुसतें निरुपद्रवी द्रव टोचलेल्या रोग्यांच्या वेदनांत कांहींही अंतर नव्हतें. उंदीर बरा झाला म्हणजे मनुष्य बरा होतो असें नाहीं. जाहिरातवाले पहिला अर्धा भाग छापतात आणि दुसरा गाळतात.

टेलोमिअर लांबविण्याचा दावा तर आणखी जपून घ्यावा. हीं टोंकें लांब ठेवणारें एक द्रव्य शरीरांत असतें. पण बहुतेक कर्करोगांच्या पेशी त्याच्याच आधारें अमर होऊं पाहतात. निसर्गानें जें दार विचारपूर्वक लावलें, तें मुंबईच्या शिशीनें उघडूं पाहणें शहाणपणाचें नव्हे. आणि त्या शिशीनें दार खरोखर उघडतें, यास तरी पुरावा कोठें आहे?

रॉचेस्टरच्या त्याच संस्थेंतील एक जुनी घटनाही येथें आठवण्यासारखी आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत फिलिप हेंच यांनीं आमवातानें जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीस कॉर्टिझोन टोचलें; अंथरुणांतून उठण्यास असमर्थ असलेली ती बाई थोड्याच दिवसांत चालूं लागली. १९५० सालीं हेंच व आणखी दोन संशोधक यांस नोबेल पारितोषिक मिळालें. सर्वत्र आनंदीआनंद झाला. पण लवकरच ध्यानांत आलें कीं, हें औषध दीर्घकाळ मोठ्या मात्रेंत दिलें, तर हाडें ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मधुमेह जडतो. कॉर्टिझोन टाकाऊ ठरलें नाहीं. त्याची मात्रा आणि त्याची वेळ शिकण्यास मात्र वर्षें लागलीं. खऱ्या शोधासही जर एवढी प्रतीक्षा लागते, तर शिशीवरच्या अक्षरांस आपले सांधे कां वाहावे?

अक्कानें निर्णय स्वतःच केला. शिशी तिनें न उघडतां भाच्यास परत धाडली, सोबत आंबावडीचा डबा आणि, "तुझी माया पोंचली, गोळ्या नकोत," एवढी चिठी. औषध कमी करतां येईल कीं नाहीं, हें पुण्याच्या डॉक्टरांसच विचारावयाचें ठरलें. त्यांनीं तपासण्या पाहून मात्रा थोडी उतरविली, बंद केली नाहीं.

आमच्या घरापुरती ही गोष्ट येथें संपली असती. परंतु ती आमच्या घरापुरती नाहीं. १९९६ सालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनीं आंखून दिलेल्या पद्धतीनें ती झाली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांपैकीं शंभरांत सुमारें १८ जणांस हाडा-सांध्यांचें किंवा स्नायूंचें दुखणें होतें. अक्कासारखा खरा आमवात शंभरांत एकाहूनही कमी लोकांत सांपडला. हा आंकडा लहान दिसतो खरा. पण त्यामुळेंच तो रोग इतर सतरा दुखण्यांच्या गर्दींत हरवून जातो. दुखणारे गुडघे, कंबर, खांदे यांच्या रांगेंत एखादी चाळिशीची बाई सुजलेले हात पदराआड घेऊन उभी असते, आणि तिलाही तेंच उत्तर मिळतें. या रोगांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दोन-तीन पट असते. आणि आमच्या घरांतून स्त्रियांचें दुखणें सांगितलें जाण्यास आधींच उशीर होतो, हें आम्ही वेगळें सांगावयास नको.

म्हणून आमच्या वाचकभगिनींनीं व त्यांच्या घरच्यांनीं एवढा भेद ध्यानीं ठेवावा. जें दुखणें कामानें वाढतें, विसाव्यानें उतरतें, आणि ज्याचा सकाळचा जडपणा थोड्या मिनिटांत जातो, त्यास बहुधा व्यायाम, वजन आवरणें, पाटाऐवजीं खुर्ची, आणि लाज न धरतां हातांत काठी, एवढ्यानें पुष्कळ आराम पडतो. मातोश्री रोज सकाळीं खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून दहापर्यंत अंक मोजतात, आणि भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या अजून, सावकाश कां होईना, चढतात. पण जें दुखणें विसाव्यानें वाढतें, दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजवितें, सकाळीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ जखडून ठेवतें, आणि सहा आठवडे झाले तरी हटत नाहीं, त्यास घरगुती लेपांवर ठेवूं नये. रक्ताच्या कांहीं तपासण्यांनीं व तज्ज्ञाच्या हातानें तें ओळखतां येतें. आणि पहिल्या कांहीं महिन्यांत उपचार सुरू झाला, तर सांधे वांचविण्याची संधि सर्वांत मोठी असते. घरांत कोणी विडी-सिगारेट ओढीत असेल, तर त्यानें ती सोडावी. धूम्रपान हें या रोगाचें एक सिद्ध झालेलें निमित्त आहे.

अक्का आतां नारळ खवतांना डाव्या हाताचा उपयोग अधिक करते. तिच्या कपाटाच्या किल्लीस आम्हीं लांकडाची जाड मूठ बसवून दिली आहे. उकडीच्या कळ्या तिची सून पाडते, आणि अक्का शेजारीं बसून कोणती कळी जाड झाली तें सांगते. तीं कललेलीं दोन बोटें आम्हां सर्वांच्या रोज दृष्टीस पडतात. चौदा महिने आधीं कोणी नीट पाहिलें असतें, तर कदाचित् तीं सरळ राहिलीं असतीं.

तेव्हां आपल्या घरांतील कोणी सांधा धरून बसलें, तर "वय झालें" असें म्हणण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें: सकाळीं उठल्यावर मूठ वळण्यास तुला किती वेळ लागतो?